बंद न पडणारी गाडी

आमच्या भागात कुणाला पिकअप घ्यायची असली की तो आधी शोरूममध्ये जात नाही. ज्याच्याकडे ती गाडी आहे त्याच्या दारात जातो. चहा पितो, पाऊसपाण्याचं बोलतो, मग उठून गाडीला एक फेरी मारतो, टायरवर पाय मारून बघतो आणि विचारतो, गाडी कशी आहे? संतपुरात आणि आसपासच्या पाच-सहा गावांत हा प्रश्न बारा-तेरा वर्षं मला विचारला गेला. त्यातल्या एका माणसाला मी जे उत्तर दिलं त्यामुळे माझी बहीण गेली, असं मी मानतो. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. दाजी तर कधीच म्हणाले नाहीत. मी मानतो, आणि हे लिहायचं कारण तेवढंच आहे.

गाडीच्या कंपनीचं नाव लिहिणार नाही. दोष कंपनीचा किती आणि माझा किती हे वाचून तुम्हीच ठरवा. माझी गाडी पांढरी, मागं सहा फाळक्यांचा हौदा, पुढं काचेवर विभूतीचे तीन पट्टे रंगवलेले. सोयाबीन उदगीरला, तूर बिदरला, लग्नसराईत वऱ्हाड जिकडं असेल तिकडं. आठ वर्षांत ती मला रस्त्यावर सोडून थांबली नाही, हे मी छाती काढून सांगायचो. मन्नाएखेळ्ळीला हायवेवर एक चहाचं हॉटेल आहे. तिथं दुपारी पिकअपवाले थांबतात. तिथला गप्पांचा विषय एकच. अमक्या कंपनीची गाडी कागदाची, तमक्या कंपनीचे पाटे लोखंडाचे, तिसरीचं इंजिन चांगलं पण चढाला दमते. कोण मराठीत बोलतो, कोण कानडीत, कोण आमच्या दखनीत, पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कारटं हे तिन्ही भाषांत सारखंच. मी तिथला मोठा वक्ता. दुसऱ्यांच्या गाड्यांची मी अशी हजामत करायचो की हॉटेलवाला हसत हसत कपबश्या विसळायचा.

पण स्वतःच्या गाडीबद्दल तिथं कुणीच वाईट बोलायचं नाही. ही रीतच आहे. आम्ही गळ्यात इष्टलिंग बांधणारी माणसं, लिंबूमिरचीला मानायचं नाही हे लहानपणापासून ऐकलेलं. तरी दर अमावस्येला चाकाखाली लिंबू आणि पुढं नारळ चुकत नाही. गाडी ही लक्ष्मी, तिच्यासमोर तिला नाव ठेवलं की ती त्याच आठवड्यात बसते, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आमच्या गावात एका म्हाताऱ्या गाडीमालकाला कुणीतरी ब्रेकबद्दल विचारलं, तर तो त्या माणसाला हाताला धरून मारुतीच्या पारापर्यंत घेऊन गेला, गाडीकडे पाठ केली आणि मग हळूच सांगितलं की ब्रेक जरा उशिरा लागतो. आम्ही त्याला हसलो. पण हसणारे सगळे तेच करत होते. शिवाय गाडी कधीतरी विकायची असते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता माझ्या मुठीत काय होतं ते सांगतो. गाडी घेतल्यानंतर दुसऱ्याच वर्षी औरादजवळच्या चढावर ती बंद पडली. मिस्त्री मोटरसायकलवर आला, बॉनेट उघडलं आणि म्हणाला, हवा धरली. टाकीत डिझेल कमी असलं आणि चढ लागला की या गाडीच्या नळीत डिझेलऐवजी हवा शिरायची. फिल्टरवर एक स्क्रू असतो. तो दहा नंबरच्या पान्यानं ढिला करायचा, शेजारचा हातपंप मारत राहायचं, आधी फेस येतो, फेस संपून नितळ डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा. दहा मिनिटांचं काम. ज्याला माहीत आहे त्याला दहा मिनिटांचं. ज्याला माहीत नाही तो दिवसभर चावी फिरवत बसला तरी गाडी उठणार नाही.

त्या दिवसापासून मी टाकी अर्ध्याच्या खाली कधी येऊ दिली नाही. पाना सीटखाली ठेवला. दोन-तीन वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं की यात गाडीचा काही दोष आहे हेच मी विसरलो. जेवताना डाव्या हातानं पाणी प्यावं तशी सवय. गाडी बंद पडत नाही असं मी लोकांना सांगायचो तेव्हा खोटं बोलतोय असं मला कधी वाटलंच नाही. खरं म्हणजे मी तिला बंद पडू देत नव्हतो आणि नाव तिचं होत होतं. मला आता वाटतं, त्या हॉटेलात बसलेल्या प्रत्येकाची अशी एकेक सवय असणार. कुणी सकाळी दोनदा चावी फिरवत असेल, कुणी घाटात खिडकी उघडी ठेवत असेल. घरोघरी मातीच्या चुली. पण तोंडानं सगळे एक नंबर म्हणायचे आणि त्या एक नंबरवर पुढचा माणूस गाडी घ्यायचा.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला आळंद तालुक्यात दिली, कडगंचीच्या पुढं आतल्या बाजूला एका गावात. आईच्या पाठीला लहानपणापासून दुखणं, त्यामुळे मला अक्कानंच कडेवर घेऊन वाढवलं. तिच्या लग्नात मी बारा वर्षांचा होतो आणि तिच्या गाडीमागं पळत गेलो होतो, हे ती माझ्या मुलांना सांगून मला लाजवायची. तिकडं कानडी जास्त, म्हणून लग्नानंतर ती मला तम्मा म्हणायला लागली, धाकट्या भावाला कानडीत म्हणतात तसं. दाजीही मग तम्माच म्हणायला लागले. दाजींचा मंडपाचा धंदा. बांबू, कनाती, गाद्या, मोठमोठी पातेली. कुणाच्या लग्नात मंडप उतरवताना अक्का स्वतः उभी राहून वाट्या-पळ्या मोजून घ्यायची. एक पळी कमी आली तर स्वयंपाकघरात शिरून शोधून आणायची.

माझा स्वभाव इथं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या शब्दाला कुणी नाव ठेवलेलं मला सहन होत नाही. थोरल्या चुलतभावाला मी एक कडबाकुट्टी घ्यायला सांगितली होती. चार महिन्यांत तिचं पातं बोथट झालं, असं तो चार माणसांत बोलला. बोलला तेही हसत. मी त्याच्या घरी दोन वर्षं पाणी प्यालो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि न जेवता निघालो. अक्का ताट घेऊन माझ्यामागं मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत आली, दोन घास खा म्हणाली. मी वळूनही बघितलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं हे मला बायकोनं नंतर सांगितलं, आणि तरीही मला माझंच बरोबर वाटलं होतं.

दाजी माझ्या अगदी उलट. सावकाश बोलणार, सावकाश चालणार. पिकअप घ्यायची ठरवली तेव्हा त्यांनी आळंदपासून हुमनाबादपर्यंत याच गाडीचे सात मालक गाठले. सातही जणांनी एक नंबर सांगितलं. तरी ते आठव्याकडे, म्हणजे माझ्याकडे, अक्काला घेऊन संतपूरला आले. जेवणं झाली. मग त्यांनी अंगणात माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, सातजणांनी सांगितलं ते सोड, तू सांग. अक्का ओट्यावर माझ्या बायकोबरोबर तूर निवडत होती. तिनं हातातलं सूप थांबवून माझ्याकडे बघितलं. तिला भावाचा अभिमान वाटत होता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी म्हणालो, "दाजी, डोळे झाकून घ्या. ही गाडी वाटंत सोडत न्हाई."

मी त्यांना पन्नास पावलं लांब नेऊन अर्ध्या टाकीचं सांगायला हवं होतं. तेव्हा मनात आलंसुद्धा नाही, हे देवाशपथ सांगतो. मनात आलं ते नंतर, त्यांनी नवी गाडी आणली त्या दिवशी. मी मुद्दाम गेलो होतो. हार घातला होता, चाकाखाली लिंबू होतं, अक्का सगळ्यांना पेढे वाटत होती. दाजी म्हणाले, येताना टाकीत जेमतेम होतं तरी झकास आली. तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं. पण आजच्या दिवशी कशाला, असं म्हणून मी गिळलं. पुढच्या भेटीत सांगू म्हटलं. पुढच्या भेटीत मी विचारलं, गाडी काय म्हणते? दाजी म्हणाले, एक नंबर. मग सांगायचं कारणच उरलं नाही. दीड वर्ष मी फोनवर हाच प्रश्न विचारत राहिलो, ते हेच उत्तर देत राहिले आणि मी फुगत राहिलो.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. पौषाच्या तोंडावर येते. रानात ज्वारी, हरभरा उभा असतो आणि त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. घराला कुलूप, दुकान बंद, गॅरेज बंद, सगळे आपापल्या शेतात कडब्याच्या कोपीपुढं. भज्जी, बाजरीचे उंडे, माठातली आंबील. ज्याला शेत नाही त्याला कुणी ना कुणी बोलावून नेतं. बिदर, कलबुर्गी, लातूर, सगळीकडे हेच. त्या दिवशी रस्त्यावर उभं राहिलात तर अर्धा तास वाहन दिसत नाही.

आमची पूजा झाली होती. मी शेतभर आंबील शिंपडून आलो होतो आणि पंगत बसायच्या बेतात होती. फोन मी गाडीत चार्जिंगला लावला होता. पाहुण्यांना बसायला ताडपत्री काढायला गाडीपाशी गेलो तेव्हा दाजींचे चार फोन येऊन गेलेले दिसले. मी लावणार तेवढ्यात पाचवा आला.

दाजी म्हणाले, "तम्मा, अक्काच्या छातीत दुखायलंय. कलबुर्गीला निघालाव, आन गाडी चढाला बंद पडलीय. उठंच ना."

आणि मी काय विचारलं? अक्का कशी आहे, शुद्धीत आहे का, हे नाही विचारलं. माझ्या तोंडातून निघालं, "टाकीत डिझेल किती हाय?"

पलीकडे दाजी गप्प झाले. एवढ्या घाईत, एवढ्या आकांतात, ते गप्प झाले. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं असणार. मला तरी ते गप्प राहणं अजून ऐकू येतं. मग ते म्हणाले, पाव असेल.

मी सांगायला लागलो. बॉनेट उघडा, डाव्या बाजूला फिल्टर आहे, त्यावर स्क्रू आहे, दहा नंबरचा पाना घ्या. त्यांच्याकडे पाना कुठं होता? शेजारची एक बाई अक्काला धरून केबिनमध्ये बसली होती, तिनं सीटखालून जॅकबरोबरची पिशवी शोधून दिली. त्यात एक पकड निघाली. दाजींचे हात मंडपाच्या दोऱ्या आवळून आवळून लाकडासारखे झालेले, पण त्या दिवशी त्यांना पकड धरता येत नव्हती. स्क्रू एकदा निसटून इंजिनच्या खाली गेला. तो हात घालून काढला. हातपंप मारा म्हटलं तर तो कुठला हेच त्यांना कळेना. मी इकडं शेतात उभा राहून हवेत हातवारे करत होतो, अर्धे उंडे वाढलेली पंगत माझ्याकडे बघत होती. मध्येच लांबून अक्काचा आवाज आला. ती विचारत होती, "कोण हाय? तम्मा हाय का?" दाजी व्हय म्हणाले. एवढंच. त्यानंतर तिचा आवाज मी ऐकला नाही.

गाडी सुरू झाल्याचा आवाज फोनमध्ये आला तेव्हा मला हायसं वाटलं. आता गेली गाडी, आता पोचतील, असं मी मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. नंतर हिशेब जुळवला तो असा. गाडी बंद पडल्यावर दाजींनी आधी त्यांच्या मिस्त्रीला फोन लावला, तो शेतात, त्याचा फोन लागेना. रुग्णवाहिका दुसरीकडे गेली होती. मग रस्त्यावर वाहनाची वाट बघितली. एक मोटरसायकल आली, तिच्यावर तिघं बसलेले. मग मला फोन, चार वेळा. सगळा मिळून पाऊण तास गेला. त्यातली दहा मिनिटं सोडली तर बाकीचा वेळ माझा.

मी तसाच निघालो, बायकोला शेजारी बसवून. संतपूरहून कलबुर्गी काही जवळ नाही. बिदर मागं पडलं, मन्नाएखेळ्ळी आली. आमचं हॉटेल बंद होतं, बाकडी उलटी करून ठेवलेली. तिथं रस्त्याच्या कडेला थांबून मी फोन घेतला. दाजी होते. ते म्हणाले, "तम्मा, आता सावकाश ये." आमच्याकडे असं सांगितलं की समजायचं असतं. बायकोनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी गाडी परत सुरू केली. सबंध रस्ताभर माझी गाडी एकदाही अडखळली नाही आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा संताप आला. हुमनाबादच्या पुढं मी तिला तिच्या तोंडावर शिव्या दिल्या, आठ वर्षांत कधी दिल्या नव्हत्या तशा. ती चालत राहिली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी तीन वेळा एकच प्रश्न विचारला. पाऊण तास आधी आणलं असतं तर? चांगला माणूस होता, रागावला नाही. तो म्हणाला, वाचल्या असत्या असंही सांगता येत नाही आणि नसत्या असंही नाही. हे वाक्य मी घरी आणलं. त्याची एक बाजू मी दिवसा वाचतो, दुसरी बाजू रात्री आपोआप वाचली जाते.

आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. दाजींनी त्यांच्या शेतातच अक्काला ठेवलं. जमलेल्या लोकांत कुणीतरी विचारलंच, गाडी कोणती? नाव ऐकून तो म्हणाला, ती तर बंद पडत नाही की. सगळ्यांचं तोंड दाजींकडे वळलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी बोलायला हवं होतं. दाजींनी कपाळावरची विभूती पुसली आणि म्हणाले, "गाडीचा दोष न्हाई. येळच तशी व्हती." माणसांनी माना हलवल्या. गाडीचं नाव राहिलं. माझंही राहिलं.

त्यानंतर वर्षभर मी दाजींना तोंड दाखवायचं टाळलं. फोन करायचो, दोन वाक्यं बोलून ठेवायचो. गाडीचा विषय ते काढत नव्हते, मी काढत नव्हतो. इकडं मात्र मी एक केलं. माझ्याकडे जो कुणी विचारायला येई त्याला मी गाडीच्या समोर उभं राहून सांगायला लागलो, ही गाडी हवा धरते, टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नका, पाना जवळ ठेवा. आलेली माणसं एकमेकांकडे बघायची. एकानं मला पाणी दिलं. दुसरा बाजूला जाऊन माझ्या बायकोला म्हणाला, अण्णांनी बहिणीचं लई लावून घेतलंय. आणि त्या दोघांनीही तीच गाडी विकत घेतली. आठ वर्षं मी खोटं सांगितलं ते लोकांनी खरं धरलं. आता खरं सांगतो तर म्हणे दुःखानं बोलतोय.

पुढची येळवस आली तेव्हा दाजींचा फोन आला. म्हणाले, तुझ्या अक्काचं पहिलं वर्ष आहे, शेतात ये. जाऊ नये असं वाटत होतं. गेलो. त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता, मुलगी सासरहून. अक्काच्या जागेवर त्यांनी चौथरा बांधला होता आणि त्याच्या कडेनं हरभरा पेरला होता. पूजा झाली. मुलं कोपीपाशी पानं मांडत होती. दाजी चौथऱ्याजवळ बसले होते, मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. वर्षभर पाठ केलेलं होतं, पण वेळेवर चारच शब्द निघाले.

"दाजी, मला ठाऊक व्हतं."

ते म्हणाले, "कळलं की त्याच दिवशी. टाकीचं इचारलास तवाच."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी माझे खांदे धरले. मग मला शेजारी बसवून म्हणाले,

"त्याच्या आधी दोनदा बंद पडली व्हती, तम्मा. एकदा एका लग्नाला जाताना, एकदा आळंदच्या रस्त्याला. दोनदाबी मिस्त्रीनं येऊन चालू करून दिली. त्यानं काय केलं ते मी बघितलं न्हाई, मांडवाची घाई."

दीड वर्ष ते मला फोनवर एक नंबर म्हणत होते. मी विचारलं, "मंग मला कामून सांगितलं न्हाई? एक फोन केला असता तर मी..."

"केला व्हता," दाजी म्हणाले. "लावला व्हता पहिल्या येळेसच. तुझ्या अक्कानं हातातनं फोन काढून घेतला. म्हणली, तम्माच्या शब्दावर घेतलीय, त्याला सांगू नका. तो लई लावून घेतो मनाला. मंग आपल्या घरी येणं सोडील."

"आन दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा मी फोन हातात घेतलाच न्हाई. तिनं आधीच शपथ घातली व्हती."

कोपीकडून मुलीनं जेवायला हाक मारली. दाजी उठले, मला हाताला धरून उठवलं, पानावर बसवलं आणि स्वतः माझ्या पानात भज्जी वाढली. मी घास घेतला. मला कडेवर घेऊन वाढवलेली माझी बहीण मला भीत होती.